आधी कुठून, मग कुठे

"ही परीक्षा? अहो, ही तर मी झोपेत पास होईन! कूस बदलता बदलता पेपर सोडवीन!"

अप्पांनी हे चहाच्या वेळेला, अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. माणसानं बोलावं, पण निदान पुस्तक उघडून बघितल्यावर तरी बोलावं! पण अप्पांना कोण सांगणार? शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती, आणि ती सगळीच्या सगळी एकाच मशीनसमोर.

या मशीनला कचेरीत सगळे 'आजी' म्हणत. दुसऱ्या मजल्यावरच्या गार खोलीत ती कपाटाएवढी उभी असे आणि दिवसभर घूं घूं करत असे. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, माऊस वगैरे लाड नाहीत. कुठल्या रस्त्याखाली कुठला नळ गेलाय, कुठल्या वळणावर कुठली झडप आहे, ती शेवटची कधी तपासली, हे सगळं आजीच्या पोटात. रोज सकाळी ती यादी छापायची, आणि त्या यादीप्रमाणे माणसं कुदळ-फावडी घेऊन निघायची. आजीला बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तिची भाषा येणारी माणसंही एकेक करून निवृत्त झाली होती. उरले होते अप्पा.

आणि आता वरून फर्मान आलं होतं, की जुन्या मशीनला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र हवं. अभ्यास ज्याचा त्यानं करायचा, परीक्षा महिनाअखेरीस. नापास होणाऱ्यानं तळमजल्यावर तक्रार-खिडकीत बसायचं!

अप्पांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तक्रार-खिडकीत बसून दीड वर्ष काढणं काही अवघड नव्हतं. खिडकीला पंखा होता, समोर झाड होतं. पण वरच्या त्या गार खोलीत बाई होत्या.

बाई म्हणजे अप्पांची बायको. अप्पा नोकरीला लागले तेव्हा बाई तिथे आधीपासून प्रोग्रामर होत्या, सगळी कचेरी त्यांना 'बाई' म्हणायची, म्हणून अप्पाही म्हणायला लागले. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तरी घरातही 'बाई'च राहिलं आणि 'अहो-जाहो'ही राहिलं. तीन वर्षांपूर्वी बाई गेल्या. पण आजीचे निम्मे प्रोग्राम त्यांनी लिहिलेले होते, आणि त्यातला कुठलाही सुरू केला की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाची दोन अक्षरं उमटत. दिवसाला तीस-चाळीस वेळा तरी उमटत. अप्पांना घरी करमत नसे, कचेरीत करमे, त्याचं कारण एवढंच होतं.

आता बाईंबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. संसारात अप्पांचे बाईंशी असंख्य वाद झाले आणि ते सगळे अप्पा हरले. फक्त एक सोडून! तो त्यांनी लग्नाच्याही आधी, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात जिंकला होता. आल्यागेल्याला ते तो वाद सांगत.

"बाई म्हणाल्या, आजीला नक्कल करायला सांगताना आधी लिहायचं कुठून, मग लिहायचं कुठे. मी म्हटलं, छे! आधी कुठे, मग कुठून! मी ज्या कारखान्यातून आलो तिथल्या मशीनवर असंच चालायचं. तासभर भांडलो! आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर करून दाखवलं. चाललं! बाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'बरं, तुमचंच खरं.' अठ्ठावीस वर्षं मी तसंच लिहितोय. एकदा चुकलं नाही!"

तर असे हे अप्पा. पुस्तक आलं. सातशे चाळीस पानं! अप्पांनी आरामखुर्चीत बसून, चष्मा पुसून, ते असं उघडलं जसं काही आपणच त्याची प्रस्तावना लिहिणार आहोत. पन्नासाव्या पानावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. साठाव्या पानावर ते उठून उभे राहिले.

"चुकलंय!" ते ओरडले. "पुस्तक चुकलंय!"

पुस्तकात छापलं होतं : आधी कुठून, मग कुठे.

अप्पांनी लाल पेन्सिल घेतली आणि सातशे चाळीस पानांत जिथे जिथे हे आलं होतं तिथे तिथे ते दुरुस्त केलं. मग सराव-परीक्षा दिली. साठपैकी बावीस! पास व्हायला पंचेचाळीस लागत. दुसऱ्या दिवशी प्रकाशकाला तीन पानी पत्र गेलं, ज्याची सुरुवात 'आपल्या निष्काळजीपणाचं आश्चर्य वाटतं' अशी होती. दोन ओळींचं उत्तर आलं : पुस्तकाची ही नववी आवृत्ती आहे, आपण एकवार आपलं मशीन तपासून पाहावं.

अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते तडक साहेबांना आजीसमोर घेऊन गेले. साहेब वयानं अप्पांचे जावई शोभतील एवढे, स्वभावानं गरीब, पण वाद घालायची भारी हौस. आणि अप्पांशी घातलेला प्रत्येक वाद आजवर हरलेले.

"बघा! आधी कुठे, मग कुठून. बटण दाबलं. काय आलं?"

"काम झालं, असं आलं."

"मग चूक कोण? मी, की ते पुस्तक?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "अप्पा, आजी तुमचं ऐकते हे खरं. पण परीक्षा आजी घेत नाही ना! पुस्तकाप्रमाणे लिहा आणि पास व्हा. नाहीतर मला तुम्हाला खाली पाठवावं लागेल, आणि मला ते जड जाईल हो."

खाली पाठवणार म्हटल्यावर अप्पांचा आवाज खाली आला. त्यांनी आठ दिवसांची रजा काढली.

घरी मुलगी होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. अठ्ठावन्नाकडे झुकलेला विद्यार्थी तिला प्रथमच मिळाला होता, तिनं त्याला अजिबात सोडला नाही.

"बाबा, साखर! आधी कुठून?"

"पिशवीतून."

"मग कुठे?"

"डब्यात."

"आता चहापूड. पटकन!"

"डब्यात... पिशवीतून..."

"चूक! पुन्हा! वहीत शंभर वेळा लिहा."

"अगं, बाप आहे मी तुझा!"

"म्हणून शंभर. वर्गात दोनशे लिहायला लावते."

आठ दिवस त्या घरात एकही वस्तू अशी जागची हलली नाही. कपडे आधी कुठून, मग कुठे. पाणी आधी कुठून, मग कुठे. अप्पा चप्पल घालतानाही पुटपुटायला लागले. एकदा लिहिता लिहिता थांबून म्हणाले, "तुझ्या आईला किती आनंद झाला असता! तिचंच म्हणणं घोकतोय मी."

 मुलीनं वही पुढे ओढली, एकदोन ओळी तपासल्यासारखं केलं आणि चहा ठेवायला उठली.

सोमवारी अप्पा कामावर हजर झाले. दर सोमवारी सकाळी आजीतल्या चालू नोंदवहीची एक नक्कल राखीव म्हणून ठेवायची असे; गेल्या सोमवारी रजेमुळे ती राहून गेली होती. अप्पा बसले. कोपऱ्यातली दोन अक्षरं बघून मनात 'आलो हो' म्हणाले आणि नक्कल करायला सांगितली. आठ दिवस घोटलेली बोटं ती! त्यांनी अप्पांना न विचारताच लिहून टाकलं : आधी कुठून, मग कुठे. 'काम झालं', आजी म्हणाली. यादी छापली गेली, माणसं कुदळी घेऊन निघाली, अप्पांनी चहा मागवला.

अकरा वाजता मुकादमांचा फोन आला.

"अप्पा, शिंप्याच्या दुकानासमोर खणायचंय, नक्की ना?"

"यादीत आहे ना? मग खणा!"

"अहो, पण शुक्रवारीच बुजवलंय आम्ही! वर डांबर घातलंय! अजून चकाकतंय!"

"आजीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का मुकादम? यादीत आहे म्हणजे काहीतरी राहिलं असणार."

साडेअकराला पुन्हा फोन. मागे प्रचंड आरडाओरडा.

"खणलं अप्पा! झडप नवीन आहे! आम्हीच बसवलेली! शिंपी आडवा झोपलाय रस्त्यावर, म्हणतो आता मला पुरा आणि मगच बुजवा! काय करू?"

"त्याला उठवा आधी!"

"उठत नाही! म्हणतो पंधरा दिवस गिऱ्हाईक नव्हतं, आज पहिलं आलं आणि ते खड्ड्यात पडलं!"

बारा वाजेपर्यंत असे सहा खड्डे झाले. सहाही ठिकाणी गेल्या पंधरवड्यातच काम होऊन गेलेलं! एका शाळेसमोर, एका दवाखान्यासमोर, आणि एक तर खुद्द साहेबांच्या घरासमोर. साहेबांच्या सासूबाईंनी फोनवर साहेबांना काय सांगितलं ते कळलं नाही, पण साहेब जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून वर आले.

"अप्पा! नोंदवही पंधरा दिवस मागे गेलीय! नव्यावर जुनी नक्कल चढलीय! काय केलंत तुम्ही?"

"पुस्तकाप्रमाणे केलं!" अप्पा कळवळून म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत ना? आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाप्रमाणे केलं!"

पंधरा दिवसांचे कागद फायलीत होते म्हणून निभावलं. मंगळवार आणि बुधवार, दोन दिवस अप्पांनी एकट्यानं बसून सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. पण मनात एक आनंदही होता, कबूल करायला हवं. म्हणजे पुस्तकच चूक! म्हणजे मीच खरा! बुधवारी संध्याकाळी त्यांनी साहेबांना पुन्हा आजीसमोर उभं केलं आणि दोन कोऱ्या वह्या उघडल्या, एक 'अ' आणि एक 'ब'.

"अ मध्ये मी माझं नाव लिहिलं. आता पुस्तकाप्रमाणे नक्कल. बघा! दोन्ही कोऱ्या! पुसलं माझं नाव!"

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांनी अप्पांना उठवलं, स्वतःच्या नावानं आजीत शिरले आणि अक्षर न् अक्षर तेच लिहिलं. नक्कल झाली. अगदी बिनचूक, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

साहेबांनी दोन्ही वह्या पुन्हा ताडून पाहिल्या.

"अप्पा, ही माणूस बघून वागते की काय?"

 अप्पा खुर्चीत बसले आणि नक्कल करायची आज्ञा दिल्यावर आजी नेमकं काय करते, ते एकेक पायरी उलगडून बघायला लागले. चौथ्या पायरीला एक छोटा प्रोग्राम आडवा आला. कुठल्याच यादीत नसलेला. अकरा ओळींचा. पडद्याच्या कोपऱ्यात दोन अक्षरं उमटली. तारीख अठ्ठावीस वर्षांपूर्वीची होती, वेळ संध्याकाळची सात वाजून दहा मिनिटं.

प्रोग्राममध्ये मशीन वाचत नाही अशा काही ओळी माणसांसाठी लिहून ठेवायची पद्धत असते. इंग्रजी अक्षरांत, पण घरच्या भाषेत, बाईंनी लिहिलं होतं :

'नवे गृहस्थ नेहमी उलटं लिहितात. सांगून पाहिलं, तासभर भांडले. माणूस चांगला आहे, पण ऐकणारा नाही. उद्या सगळ्यांसमोर करून दाखवणार म्हणतात. तोंडघशी पडतील. म्हणून त्यांच्यापुरतं इथेच सुलटं करून दिलं आहे. ते कधीतरी बरोबर लिहितील ही शक्यता धरलेली नाही.'

शेवटच्या दोन ओळींत, किती वेळा सुलटं करून दिलं याची मोजणी होती. आकडा होता एक हजार तीनशे सत्तावीस.

साहेबांना हसू फुटणार होतं. त्यांनी अप्पांकडे बघितलं आणि ते गिळलं.

अप्पा रडत होते. लपवायचा प्रयत्नही न करता, चष्मा न काढता रडत होते. जन्मभर ज्या एका विजयाचा टेंभा मिरवला तो विजय नव्हताच! लग्नाच्याही आधी, ज्या माणसाशी दोन महिन्यांची ओळख, तो चारचौघांत तोंडघशी पडू नये म्हणून ही बाई उशिरापर्यंत थांबली होती. आणि पुढे एकत्र इतकी वर्षं काढली, रोज समोरासमोर जेवायला बसल्या, पण एकदाही, अगदी रागाच्या भरातसुद्धा, हे तोंडातून काढलं नाही. त्या गेल्या, आणि नंतरची तीन वर्षंही दर सोमवारी त्या अप्पांची चूक सुधारत राहिल्या होत्या. फक्त या सोमवारी अप्पांनी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं, आणि शिंपी खड्ड्यात गेला.

"अप्पा," साहेब जरा वेळानं म्हणाले, "हे काढून टाकावं लागेल हो. यादीत नसलेला, कागद नसलेला प्रोग्राम ठेवता येत नाही. सहा खड्डे झालेत. वर अहवाल द्यायचाय."

"ठेवता येतो," अप्पा नाक पुसत म्हणाले.

"कुठे लिहिलंय?"

"पुस्तकात. प्रकरण तेवीस. एखादा जुना प्रोग्राम का हवा आहे ते अर्जात लिहून प्रमाणपत्रधारक माणसानं जबाबदारी घेतली, तर ठेवता येतो. आणि तो महिन्यातून एकदा तरी वापरात असावा. महिनाभर पडून राहिला तर काढून टाकायचा."

"पण प्रमाणपत्रधारक आहे कोण आपल्याकडे?"

"शनिवारी परीक्षा आहे," अप्पा म्हणाले. "शनिवारपर्यंत थांबा साहेब. नापास झालो तर मी स्वतःच्या हातानं पुसतो आणि खाली खिडकीत जाऊन बसतो."

मग गुरुवारी आणि शुक्रवारी अप्पांनी जो अभ्यास केला तो झोपेत पास होणाऱ्याचा नव्हता. पुस्तकातल्या लाल पेन्सिलीच्या खुणा एकेक करून खोडरबरानं पुसल्या. मुलीला अकरा ओळींचं सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग ओट्याला टेकून खूप वेळ उभी राहिली. "आईनं मलासुद्धा सांगितलं नाही," एवढंच म्हणाली. आणि पुढच्या क्षणी, "चला बाबा, साखर! आधी कुठून?"

परीक्षेच्या हॉलमध्ये सगळे विशीतले, तिशीतले. पर्यवेक्षकानं अप्पांना 'पालकांनी बाहेर थांबायचं' असं दोनदा सांगितलं! पेपरात नक्कल करण्यावर अकरा प्रश्न होते. पहिल्याला अप्पांचं बोट उलट्या उत्तरावर गेलं, थबकलं, मागे आलं. मग ते एकेक बरोबर उत्तर देत गेले, आणि प्रत्येक उत्तराला आत काहीतरी तुटत गेलं. जिवंतपणी जे एकदाही कबूल केलं नाही, ते आता एका परक्या पडद्यावर अकरा वेळा कबूल करायचं, आणि ऐकायला बाई नाहीत.

शेवटचं बटण दाबताना त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर आकडा होता : साठपैकी सेहेचाळीस. एक मार्क जास्त! अकराच्या अकरा प्रश्न बरोबर होते. चुकले होते ते सगळे अप्पांना अगदी बिनचूक येतात असं वाटणारे.

प्रमाणपत्र आलं. अर्ज भरला. 'प्रोग्रामची गरज' या रकान्यात अप्पांनी लिहिलं : 'संबंधित कर्मचारी उलटं लिहितो.' 'किती काळ हवा' इथे लिहिलं : 'कर्मचारी निवृत्त होईपर्यंत.' जबाबदारी घेणाऱ्याची सही अप्पांची, संबंधित कर्मचाऱ्याचीही सही अप्पांचीच. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

पुढच्या सोमवारी साहेब मुद्दाम वर आले आणि खुर्चीमागे उभे राहिले. त्यांच्या सासूबाईंचा खड्डा नुकताच बुजला होता. अप्पांनी नक्कल करायला घेतली. प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर टांगलेलं. बोटं सवयीनं सरळ लिहायला गेली. अप्पांनी त्यांना थांबवलं, आठवून आठवून, एकेक अक्षर जपून उलटं लिहिलं.

"अहो अप्पा, आता तुम्हाला बरोबर येतं! प्रमाणपत्र आहे! मग मुद्दाम चुकीचं कशाला? महिन्यातून एकदा पुरे म्हणतं ना पुस्तक? दर सोमवारी कशाला? आधी कुठून, मग कुठे, हेच बरोबर आहे, मी पहिल्यापासून सांगत होतो की नाही?"

अप्पांनी बटण दाबलं. कोपऱ्यात दोन अक्षरं उमटली. 'काम झालं', आजी म्हणाली. अकरा ओळींखालचा आकडा एकानं पुढे सरकला. अप्पा त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले.

"बरं," ते अगदी हळू म्हणाले. "तुमचंच खरं."

साहेबांना वाटलं, ते आपल्यालाच म्हणाले. अप्पांशी घातलेला वाद आयुष्यात पहिल्यांदा जिंकला म्हणून साहेब दिवसभर खूश होते, आणि आल्यागेल्याला सांगत होते!